आवडत्या फुटबॉलपटूचं रूकी कार्ड: ठाणे-नवी मुंबईतून संग्रह उभारताना

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २५ ऑक्टोबर २०१७ रोजी १७ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. स्पेनने मालीला ३-१ असं हरवलं आणि स्पेनचा तिसरा गोल फेरान टोरेसने केला. त्याच मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम लढत झाली. कोलंबियाकडून लिंडा कायसेदो खेळत होती, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली स्पेनची विकी लोपेझ. तेव्हा गॅलरीत बसलेल्या कित्येकांना ही नावं ठाऊक नव्हती. आज या तिघांची कार्डं, म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेली संग्रहाची कार्डं, जगभर विकली जातात.

मेस्सी किंवा रोनाल्डोचं रूकी कार्ड, म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीच्या मोसमातलं कार्ड, घ्यायचं तर बजेट पहिल्याच पायरीवर संपतं. त्यापेक्षा आपल्या हार्बर लाइनवर खेळून गेलेला किंवा नुकताच उजेडात आलेला खेळाडू निवडला, तर तेवढ्याच पैशांत त्याच्या कारकिर्दीची सुरुवात बऱ्यापैकी पूर्ण जमवता येते. महिला खेळाडूंच्या कार्डांना अजून गिऱ्हाईक कमी आहे, त्यामुळे तिथे भाव सोसवतात. खेळाडू मात्र असा निवडा, की तो फॉर्मात नसतानाही त्याचं कार्ड बघावंसं वाटेल. फक्त भाव वाढेल म्हणून घेतलेलं कार्ड पहिल्या दुखापतीच्या बातमीलाच विकावंसं वाटतं.

रूकी कार्ड म्हणजे नेमकं कोणतं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. अमेरिकी खेळांत एक लीग, एक मोसम आणि ठरलेले उत्पादक असल्यामुळे रूकी कार्डाची व्याख्या बरीच पक्की असते. फुटबॉलमध्ये खेळाडू एका देशात पदार्पण करतो, दुसऱ्या देशात नाव कमावतो आणि तिसऱ्या स्पर्धेत जगाला दिसतो. प्रत्येक ठिकाणी कार्डाचे हक्क वेगळ्या कंपनीकडे असतात. सर्वांना मान्य असा एक नियम नाही, संग्राहकांमध्ये हळूहळू तयार झालेलं मत आहे एवढंच.

एम्बाप्पेचं उदाहरण घ्या. मोनॅकोकडून खेळताना २०१६-१७ च्या फ्रेंच लीगच्या पानिनी संचात त्याचं स्टिकर आलं (पानिनी आणि टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपन्या; क्रोम, प्रिझम ही त्यांच्या संचांची नावं). २०१७-१८ मध्ये टॉप्स क्रोम चॅम्पियन्स लीग संचात तो पॅरिसच्या जर्सीत दिसतो. २०१८ च्या पानिनी प्रिझम विश्वचषक संचात त्याचं ८० क्रमांकाचं कार्ड आहे. तिन्हींच्या जाहिरातीत विक्रेते ‘रूकी’ लिहितात. काटेकोर संग्राहकाच्या लेखी पहिला मान स्टिकरचा, अमेरिकी खरेदीदाराला प्रिझम हवं असतं, आणि क्रोमवाल्यांचा गट वेगळाच. यात खोटं कुणी बोलत नाही, पण तुम्ही कोणत्या गटात आहात हे पैसे देण्याआधी ठरलेलं असावं.

हालांडच्या बाबतीत गुंता आणखी मजेशीर आहे. २०१९-२० च्या मोसमात जानेवारीत तो साल्झबर्गहून डॉर्टमुंडला गेला. त्यामुळे त्याच एका मोसमाच्या टॉप्स क्रोम चॅम्पियन्स लीग संचात (कार्ड क्रमांक ७४) तो साल्झबर्गचा आहे, आणि टॉप्स क्रोम बुंडेसलिगा संचात डॉर्टमुंडचा. पुढच्या मोसमातली डॉर्टमुंडची कार्डंही काही जण सर्रास ‘हालांड रूकी’ म्हणून विकतात. जर्सी तीच दिसते, म्हणून नवखा फसतो.

म्हणून ओळख पटवताना या क्रमाने जा. आधी खेळाडूचं वरिष्ठ संघातलं पदार्पण कोणत्या मोसमात झालं ते शोधा. लामिन यामाल बार्सिलोनाकडून पहिल्यांदा २९ एप्रिल २०२३ रोजी खेळला. मोसम संपत आला होता, त्यामुळे त्याची सर्वमान्य रूकी कार्डं २०२३-२४ च्या संचांत आहेत. पदार्पण उशिरा झालं की कार्डं पुढच्या मोसमात ढकलली जातात, हे लक्षात ठेवा. मग त्या मोसमात त्या लीगचे आणि युरोपीय स्पर्धांचे हक्क कोणाकडे होते ते बघा. त्या प्रत्येक संचाची चेकलिस्ट, म्हणजे त्यातल्या सगळ्या कार्डांची यादी, नेटवर मिळते. तिच्यात खेळाडूचं नाव, कार्ड क्रमांक आणि क्लब तपासा. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या स्वामित्वहक्काच्या वर्षावरून मोसम ठरवू नका, ते वर्ष बरेचदा एकाने पुढचं असतं. पुढच्या बाजूवरचं ‘आरसी’ (रूकी कार्ड) चिन्ह उपयोगी आहे, पण ते छापणारा उत्पादकच असतो. चिन्ह नाही म्हणून कार्ड रूकी नाही असं होत नाही. मेस्सीच्या २००४-०५ च्या पानिनी मेगाक्रॅक्स कार्डावर (क्रमांक ७१) असलं काही नाही.

स्टिकरला कमी लेखू नका. मॅराडोनाचं सर्वात मानलं जाणारं सुरुवातीचं ‘कार्ड’ म्हणजे १९७९-८० च्या पानिनी काल्चातोरी अल्बममधलं ३१२ क्रमांकाचं स्टिकर. अट एकच: मागचा कागद शाबूत हवा. अल्बममधून उचकटलेल्या स्टिकरला संग्राहकांच्या बाजारात किरकोळ किंमत येते.

बेस, रिफ्रॅक्टर आणि आकडे

एकाच क्रमांकाच्या कार्डाच्या दहा-वीस आवृत्त्या असू शकतात. साधी आवृत्ती म्हणजे बेस. क्रोम संचांत त्याच चित्राला इंद्रधनुषी झाक दिली की रिफ्रॅक्टर होतं. कार्ड ट्यूबलाइटखाली तिरपं केलं की बेस चंदेरी राहतं आणि रिफ्रॅक्टरवर रंगांचे पट्टे सरकतात. पानिनीच्या प्रिझममध्ये याच प्रकाराला सिल्व्हर म्हणतात. याच्या वर रंगीत कडांच्या पॅरलल आवृत्त्या, ज्यांच्यावर मोजके आकडे छापलेले असतात. टॉप्स क्रोममध्ये सोनेरी बहुधा ५०, नारिंगी २५ आणि सुपरफ्रॅक्टर एकच. लालचा आकडा संचानुसार बदलतो. ‘१७/५०’ याचा अर्थ पन्नासपैकी सतरावं, बाकी काही नाही. जर्सी क्रमांकाशी जुळणाऱ्या प्रतीला काही लोक जास्त मोजतात. हौस असेल तर ठीक.

सुरुवातीला घ्यायची आवृत्ती म्हणजे मुख्य क्रोम किंवा प्रिझम संचातलं बेस आणि जमलं तर साधं रिफ्रॅक्टर. यांची खरेदी-विक्री सतत होत असल्यामुळे भाव समजतो. कुणी ऐकलंही नसलेल्या संचातलं ९९ पैकी एक हे ऐकायला भारी वाटतं, पण विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळत नाही.

सहीची आणि जर्सीच्या तुकड्याची कार्डं घेण्याआधी मागची बाजू वाचा. ‘सामन्यात वापरलेली जर्सी’ आणि ‘खेळाडूने घातलेली जर्सी’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात खेळाडूने ती फोटोसाठी दोन मिनिटं अंगावर चढवलेली असू शकते. ‘कोणत्याही ठरावीक सामन्याशी संबंध नाही’ असं छापलं असेल तर तो फक्त कापडाचा तुकडा आहे. सही कार्डावर थेट आहे की पारदर्शक चिकटपट्टीवर करून लावली आहे, हेही बघा. थेट सहीला मान जास्त. ‘रिडेम्पशन’ म्हणजे सहीचं कार्ड नंतर पाठवू असं वचन देणारी चिठ्ठी. तिला मुदत असते आणि परदेशातल्या पत्त्याचा घोळ असतो. इथे बसून त्या वाटेला न गेलेलं बरं.

भाव कसा काढायचा

विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावून बघा. ‘बेस्ट ऑफर’ने विकलेल्या वस्तूची छापील किंमत तिथे खोडलेली दिसते, खरी रक्कम कळत नाही, ती १३०पॉइंट या संकेतस्थळावर बहुतेक वेळा मिळते. शोधताना ‘फुटबॉल’ऐवजी ‘सॉकर’ हा शब्द टाका, नाहीतर अमेरिकी फुटबॉलचे क्वार्टरबॅक पानभर येतील. मग संचाचं पूर्ण नाव, मोसम, कार्ड क्रमांक आणि ग्रेड (कार्डाची स्थिती तपासून ग्रेडिंग कंपनीने दिलेले दहापैकी गुण). नावातली चिन्हं वगळून आणि स्पेलिंग चुकवूनही एकदा शोधा. चुकीच्या स्पेलिंगच्या लिलावात बोली लावणारे कमी असतात.

शेवटच्या पाच-सात विक्री घ्या, त्यातली सर्वात वरची आणि खालची सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. सगळ्या विक्री एकाच ग्रेडच्या आणि एकाच आवृत्तीच्या हव्यात. दोन महिन्यांपूर्वीच्या विक्री फार धरू नका. मोठ्या सामन्यात गोल झाला की दोन-तीन दिवस भाव उसळतात, त्या रात्री खरेदी करणं म्हणजे इतरांच्या उत्साहाची किंमत आपण भरणं. विश्वचषक किंवा युरो नसलेल्या वर्षातले जून-जुलै, किंवा खेळाडू दुखापतीने बाहेर असतानाचे आठवडे, हा घ्यायचा काळ.

पाकिटं की सुटं कार्ड

वाशी-सीवूड्सच्या मॉलमधल्या खेळण्यांच्या आणि पुस्तकांच्या दुकानांत मॅच अटॅक्ससारख्या खेळायच्या कार्डांची पाकिटं दिसतात. मुलांसोबत फोडायला मजा आहे, आणि नव्या खेळाडूचं सुरुवातीचं कार्ड त्यातही सापडू शकतं. पण छपाई अफाट असते, आणि ठरावीक खेळाडू हवा असेल तर पाकिटांचा मार्ग महागच पडतो. क्रोमच्या बॉक्सचं गणित तर आणखी कठीण. पाकिटावर छापलेलं ‘१:२४’ (चोवीस पाकिटांमागे एक खास कार्ड) हे प्रमाण संपूर्ण उत्पादनाची सरासरी असते. चोवीस पाकिटं घेतली की एक मिळेलच अशी हमी नाही. मिळालं तरी ते तुमच्या खेळाडूचं असेल याची तर नाहीच. लाइव्ह ‘ब्रेक’मध्ये, म्हणजे विक्रेता ऑनलाइन पाकिटं फोडतो तिथे, एखाद्या क्लबची जागा विकत घेणं ही उघडउघड सोडत आहे. एका खेळाडूचा संग्राहक सुटं कार्ड घेतो, हा या छंदातला सर्वात पैसे वाचवणारा निर्णय.

भारतातल्या भारतात इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत खरेदी-विक्री चालते. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून त्या दिवसाची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसोबत कार्डाचा फोटो मागा. चारही कोपरे जवळून, मागची बाजू, आणि कार्ड दिव्याखाली हलवतानाचा छोटा व्हिडिओ. एवढं मागितल्यावर जो वैतागतो त्याच्याकडून घेऊ नका. गटातल्या जुन्या सदस्यांकडे त्याची चौकशी करा. ठाणे-नवी मुंबईतला विक्रेता असेल तर कुरियरच्या भानगडीत पडूच नका: ट्रान्सहार्बरने वाशीला जा, स्टेशनला लागून असलेल्या रघुलीलात कॉफी घेत कार्ड तपासा आणि तिथेच यूपीआय करा. स्टेशनच्या पुलावर, गर्दीत, घाईत तपासणी होत नाही.

परदेशातून मागवताना

इथे मोसमागणिक नवे लोक पोळतात. कार्डाची किंमत म्हणजे कार्ड घरी पडलं ती किंमत. त्यात टपालखर्च, बँकेचं परकीय चलन शुल्क (बहुतेक क्रेडिट कार्डांवर २ ते ३.५ टक्के, वर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी), सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरियर कंपनीची हाताळणी येते. सीमाशुल्क फक्त कार्डाच्या किमतीवर नसतं, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा दर तपासा.

गणित करून बघू. समजा डॉलर ९० रुपये आहे आणि सगळे कर मिळून ३० टक्के निघतात. २० डॉलरचं एक कार्ड, १५ डॉलर टपाल: ३,१५० रुपये. कर ९४५, चलन शुल्क साधारण १३०. झाले ४,२२५, त्यावर कुरियरची हाताळणी वेगळी. म्हणजे १,८०० रुपयांचं कार्ड दुपटीहून महाग पडलं. तीच पाच कार्डं एकत्र मागवली आणि टपाल २२ डॉलर लागलं, तर एकूण १२२ डॉलर म्हणजे १०,९८० रुपये. कर ३,२९४, चलन शुल्क साधारण ४५०. कार्डामागे २,९४५. सीओएमसीसारख्या कार्डविक्रीच्या संकेतस्थळांवर खरेदी केलेली कार्डं तिथेच साठवून एकदम मागवता येतात, ती सोय याचसाठी वापरायची. किमान पाच-सहा कार्डं जमेपर्यंत धीर धरा.

विक्रेत्याला खोटी कमी किंमत लिहायला किंवा ‘गिफ्ट’ म्हणायला सांगू नका. भेटवस्तू म्हटल्याने कर चुकत नाही, उलट पार्सल हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मिळते, आणि अधिकाऱ्यांना शंका आली तर पार्सल अडकतं. घोषणापत्रात ‘छापील संग्राह्य कार्डं’ असं साधं वर्णन आणि खरं बिल असावं. कुरियर कंपनी केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागते. तो ईमेल ‘स्पॅम’मध्ये पडून राहिल्याने पार्सल परत गेल्याचे प्रकार नेहमीचे. टपालाने आलेल्या परदेशी पार्सलची तपासणी बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात होते. कर लागला तर पोस्टमन तो दारात घेतो, पावती जपून ठेवा. आणि बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेला आहे का ते लिलावाच्या आधी बघा, शेवटच्या दहा सेकंदांत नव्हे.

ऑर्डरची वेळही साधायची असते. जुलैत आलेलं पार्सल सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या टेबलावर दुपारभर पडतं आणि पाऊस तिरपा येतो. विक्रेत्याला कार्ड प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालायला आवर्जून सांगा, किंवा मागणी गणपतीनंतर टाका.

कार्ड हातात आल्यावर

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा: आधी चारही बाजूंनी सीलबंद पाकीट, मग कापणं, मग कार्ड. वाद झाला तर हाच पुरावा. कात्री पाकिटाच्या मधोमध घालू नका, कडेने कापा.

लागणारी हत्यारं थोडीच आहेत. घड्याळजी आणि सराफ वापरतात तसं १० पट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, वर्नियर कॅलिपर आणि एक टॉर्च. शिवाय त्याच संचातलं कुठल्याही फालतू खेळाडूचं अस्सल कार्ड. हे शेवटचं सर्वात महत्त्वाचं, कारण प्रत्येक तपासणी तुलनेनेच करायची असते.

भिंगातून चित्राचा रंगीत भाग बघा. अस्सल छपाईत बारीक ठिपके नियमित नक्षीत बसलेले दिसतात, पण काळी अक्षरं आणि बारीक मजकूर सलग व धारदार असतो. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनतात आणि त्यांच्या कडा फुटतात. मागची बारीक ओळ वाचता आली नाही तर शंका घ्याच. मग वजन: जोडीच्या कार्डापेक्षा ठळक फरक असेल तर कागद वेगळा आहे. माप: प्रमाण कार्ड ६३.५ गुणिले ८८.९ मिलिमीटर. खराब कडा कापून नव्या केलेलं कार्ड अर्धा-एक मिलिमीटर कमी भरतं. दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून उभी टेबलावर टेकवली की लगेच कळतं. स्टिकरांचं आणि काही युरोपीय संचांचं माप वेगळं असतं, तिथे हा आकडा लावू नका.

शेवटी पृष्ठभाग. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च जवळजवळ आडवी धरा. क्रोम कार्डावर छपाईच्या वेळच्या सरळ रेषा, खड्डे, रोलरच्या खुणा दिसतात. या कारखान्यातल्या चुका आहेत, ओरखडे नव्हेत, पण ग्रेडवर दोन्हींचा परिणाम होतो. विक्रेत्याच्या फोटोत त्या बहुधा दिसत नाहीत, म्हणून तर व्हिडिओ मागायचा.

आधीच स्लॅबमध्ये (ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक पेटीत) बंद असलेलं कार्ड घेताना त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. पण क्रमांक जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका, बनावट स्लॅबवर खऱ्या कार्डाचा क्रमांक छापलेला असतो. तिथे फोटो उपलब्ध असेल तर कार्डाचं सेंटरिंग (चित्र किती मधोमध छापलं आहे ते) आणि खुणा जुळवून बघा. ‘आरपी’, ‘रिप्रिंट’, ‘कस्टम’, ‘एसीईओ’ असे शब्द जाहिरातीच्या तळाशी लपलेले असतात, आणि ते असले की कार्ड अस्सल नाही.

दमट हवेत कार्डं टिकवणं

परदेशी मार्गदर्शकांत हा भाग दोन ओळींत संपतो. आपल्याकडे खरं काम इथे आहे. पावसाळ्यात खाडीकाठच्या घरात आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. क्रोम कार्डाच्या एका बाजूला फॉइल, दुसऱ्या बाजूला कागद. कागद ओलावा पिऊन फुगतो, फॉइल फुगत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं. मे महिन्यात सरळ असलेलं कार्ड ऑगस्टमध्ये वाकलेलं दिसलं तर ते बनावट नाही, ओल खाल्लेलं आहे.

कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या पेनी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या खोळीत. टॉपलोडरची जाडी पॉइंटमध्ये मोजतात, एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा चालतो, जर्सीच्या तुकड्याच्या कार्डाला १३० किंवा १८० लागतो. घट्ट टॉपलोडरमध्ये जाड कार्ड कोंबलं की कोपरे जातात. स्लीव्ह न घालता टॉपलोडरमध्ये टाकलेलं कार्ड आत-बाहेर करताना ओरखडतं. तोंडाशी सेलोटेप लावू नका. रंगकामाची मास्किंग टेप, टोक दुमडून.

अल्बम हवा असेल तर नऊ कप्प्यांची, बाजूने कार्ड घालायची पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्या. स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीत मिळणारे मऊ, वास येणारे पारदर्शक फोल्डर बहुतेक पीव्हीसीचे असतात. त्यातला मऊपणा आणणारा द्रव वर्षा-दोन वर्षांत सुटतो आणि कार्ड पानाला चिकटतं. आणि शाळेच्या दाखल्यासारखं कार्ड लॅमिनेट करून आणायचा मोह कुणाला झालाच, तर त्याला हात धरून थांबवा. लॅमिनेट केलेल्या रूकी कार्डाची किंमत शून्याच्या आसपास येते.

हे सगळं रबरी कडेच्या, क्लिप लागणाऱ्या हवाबंद डब्यात ठेवा. पाच लिटरच्या डब्यात साधारण ५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा. ४० च्या खाली गेला तर थोडं जेल काढा, कारण फार कोरड्या हवेत कार्ड उलट्या बाजूला वाकतं. नारिंगी रंगाचं जेल घ्या. ते हिरवट पडलं की ओटीजीमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास वाळवायचं आणि पूर्ण थंड झाल्यावरच परत ठेवायचं. जेलची पुडी कार्डांना टेकू देऊ नका.

डब्याची जागाही बघा. बाथरूमला लागून असलेली भिंत, पावसाची झड बसणारी पश्चिमेची भिंत आणि पोटमाळा या तिन्ही जागा बाद. बेडरूमच्या कपाटातला मधला कप्पा उत्तम. डांबराच्या गोळ्या मात्र त्या कप्प्यात नकोत, त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लास्टिकला बाधते आणि वास कागदात मुरतो. उन्हात किंवा थेट दिव्याखाली मांडलेल्या कार्डाचा रंग उडतो, निळी सही तर लवकरच. भिंतीवर लावायचंच तर अतिनील किरण अडवणारी मॅग्नेटिक केस घ्या आणि खिडकीसमोरची भिंत टाळा.

वाकलेलं कार्ड इस्त्रीने सरळ करू नका. स्लीव्ह-टॉपलोडरमध्ये घालून, ५० टक्के आर्द्रतेच्या डब्यात, वर दोन जाड पुस्तकं ठेवून आठवडाभर सोडा. बहुतेक कार्डं सरळ होतात.

ग्रेडिंग करावं का

पीएसए, बेकेट, एसजीसी आणि सीजीसी ही चार नावं बाजारात चालतात. फुटबॉल कार्डांची पुन्हा विक्री पीएसएच्या स्लॅबमध्ये सर्वात सोपी. भारतातून बहुतेक जण एखाद्या गटामार्फत एकत्र पाठवतात. पाठवणाऱ्याकडून कार्डांची यादी, जाहीर केलेली किंमत आणि निर्यातीची कागदपत्रं घ्या. परत येताना ती नसली तर स्वतःच्याच कार्डावर पुन्हा शुल्क भरायची वेळ येऊ शकते.

आधी घरी सेंटरिंग मोजा. चित्राभोवतीची डावी किनार ३.२ आणि उजवी २.६ मिलिमीटर असेल तर बेरीज ५.८, म्हणजे ५५:४५. हे १० ग्रेडच्या काठावर आहे. ३.६ आणि २.२ निघालं तर ६२:३८, मग १० विसरा, बाकी कार्ड कितीही सुंदर असो.

मग पैशांचं गणित. समजा ग्रेड न केलेलं कार्ड ३,००० ला जातं, पीएसए ९ ला ५,००० मिळतात, पीएसए १० ला १२,०००, आणि पाठवण्यापासून परत येईपर्यंतचा खर्च ५,०००. म्हणजे गुंतवणूक ८,०००. १० मिळण्याची शक्यता ४० टक्के धरली तर अपेक्षित किंमत ७,८०० येते, तोटाच. ६० टक्के असेल तर ९,२००, आता विचार करता येईल. पॉप रिपोर्टमध्ये (ग्रेडिंग कंपनीच्या आकडेवारीत) त्या कार्डाच्या किती प्रतींना १० मिळाला ते बघून ही शक्यता ठरवा, पण आपल्या कार्डाबद्दल जरा कंजूष राहा. विकायचं नसेल तर इथून ग्रेडिंग करण्यापेक्षा हवं ते कार्ड आधीच स्लॅबमध्ये असलेलं घेणं बहुधा स्वस्त पडतं.

पाठवायचंच ठरलं तर कार्ड टॉपलोडरमध्ये नव्हे, अर्धकठीण कार्ड सेव्हरमध्ये घाला. चष्म्याच्या कोरड्या मायक्रोफायबर कापडाने बोटांचे ठसे हळूच टिपा. पाणी, सॅनिटायझर, फर्निचरचं पॉलिश यांतलं काही लावू नका. पृष्ठभागावर काही चोपडल्याचं आढळलं तर कार्ड ग्रेडशिवाय परत येतं आणि भरलेलं शुल्क मिळत नाही.

प्रत्येक कार्डाची नोंद एका शीटमध्ये ठेवा: संच, मोसम, क्रमांक, आवृत्ती, घरी पडलेली किंमत, विक्रेता, तारीख, दोन्ही बाजूंचे स्कॅन आणि सीमाशुल्काच्या पावतीचा फोटो. देशात कार्ड पाठवायची वेळ आली तर टॉपलोडर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घट्ट बांधून, बबल पाकिटात, स्पीड पोस्टने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. पाकिटावर ‘कार्ड’ किंवा खेळाडूचं नाव लिहायची गरज नाही. ‘कागदपत्रं, दुमडू नये’ एवढं पुरे.